गाडीवरचा सायकल रॅक दर वेळी सैल होतो? आधी 'प्ले' (जोडातली ढिलाई) कुठे आहे ते शोधा

तक्रार बहुतेकांची एकच असते. निघताना सगळे पट्टे पिळून आवळले, सायकल धरून हलवून पाहिली, तेव्हा जराही हलली नाही. पन्नासेक किलोमीटरवर उतरून बघावं तर रॅक एका अंगाला कललेला, एक पट्टा लोंबतोय आणि मागच्या सायकलचं पेडल पुढच्या सायकलच्या स्पोकांत शिरलेलं. पुन्हा आवळायचं, पुन्हा निघायचं. पुढच्या सहलीला पुन्हा तेच. मग कुणीतरी हमखास सुचवतं, 'अजून एक पट्टा मार, जागचा हलणार नाही.'

जास्तीचा पट्टा मारून बिघडत काही नाही, पण दुखणंही जात नाही. रॅक एखाद्या वेळी सैल झाला तर बांधताना काही राहिलं असेल. तो दर वेळी, त्याच जागी, त्याच बाजूला सैल होत असेल तर गाडी, रॅक आणि सायकल यांतली कुठली तरी जोडी जुळत नाहीये. कोणती, हे कळायच्या आत नवा रॅक आणला तर बऱ्याचदा नव्याचंही तेच होतं. म्हणून आधी तपासणी, मग दुरुस्ती आणि त्यानेही नाही भागलं तरच नवी निवड.

प्ले शोधायचा कसा

गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा आणि सायकली नेहमीसारख्या चढवा. आता सगळ्यात बाहेरच्या सायकलची फ्रेम धरून आधी वर-खाली, मग डावी-उजवीकडे, मग पुढे-मागे हलवा. हात राखून नको. खड्डा काही हात राखून दणका देत नाही. रॅक नीट बसलेला असेल तर सायकलसोबत अख्खी गाडी सस्पेन्शनवर डुलते. गाडी जागच्या जागी आणि सायकल एकटीच डोलतेय, असं दिसलं की समजायचं, मधे कुठेतरी प्ले आहे.

हा प्ले तीनच ठिकाणी असतो. रॅक गाडीला धरतो तिथे, रॅकच्या स्वतःच्या सांध्यांत, नाहीतर रॅक सायकलला धरतो तिथे. दुसऱ्या कुणाला सायकल हलवायला सांगा आणि एकेका जोडावर बोट वरून टेकवा, निम्मं एका भागावर आणि निम्मं दुसऱ्यावर. फटीत घालू नका, चिमटा बसेल. डोळ्यांना न दिसणारी हालचालही बोटाला चटकन कळते.

उभ्या गाडीत काहीच हाती लागलं नाही तर मास्किंग टेप घ्या. प्रत्येक जोडावर दोन्ही भागांना धरून एक तुकडा चिकटवा, वर पेनने सरळ रेघ मारा आणि बरोबर फटीवर टेप ब्लेडने कापा. पंधरा-वीस किलोमीटर फिरून आलात की रेघेचे दोन तुकडे जिथे एका ओळीत राहिलेले नाहीत, तिथे दोष आहे. पट्ट्यांवरही बकलच्या तोंडाशी अशीच खूण करा. ही खूण फार कामाची आहे. ती बकलपासून सरकली असेल तर पट्टा निसटतोय. खूण जागच्या जागी आणि पट्टा मात्र ढिला, तर पट्टा ताणला गेलाय किंवा रॅक खाली बसलाय. पहिल्या दोषात बकल किंवा पट्टा बदलावा लागतो. दुसऱ्यात नुसतं बकल बदलून काहीच साधत नाही.

डिकीवर पट्ट्यांनी बांधायचा रॅक

सैल होण्याच्या तक्रारी सगळ्यात जास्त याच्याच, कारण याचा सगळा भार ताणावर. फोमच्या गाद्या गाडीच्या पत्र्यावर टेकलेल्या, वरचे पट्टे डिकीच्या वरच्या कडेत अडकलेले, खालचे खालच्या कडेत. सायकली चढवल्या की गाद्या दबतात, हुक कडेत नीट रुततात आणि आधी ताठ असलेले पट्टे आपोआप ढिले पडतात. हा दोष नाही, रचनाच तशी आहे. त्यामुळे रिकामा रॅक कितीही आवळला तरी ते काम अर्धंच असतं.

क्रम महत्त्वाचा. आधी वरचे पट्टे आवळा, म्हणजे रॅकची उंची ठरते. मग खालचे आणि शेवटी बाजूचे. सायकली चढवल्या की वरचे पुन्हा आवळायचे, कारण वजन बहुतांश तेच पेलतात. निघाल्यावर दहा-पंधरा किलोमीटरवर एकदा थांबून सगळ्यांवरून हात फिरवायचा. यानंतरही रॅक सैल होत असेल तरच पुढची शोधाशोध.

पट्टा कशाचा आहे तेही बघा. नायलॉन पाणी शोषतो आणि ओला झाला की लांबतो. पावसाच्या दिवसांतच रॅक सैल होत असेल तर उत्तर बहुधा हेच. पॉलिएस्टरचा पट्टा पाण्याने फारसा लांबत नाही. बदलायचाच झाला तर तो घ्या, पण रुंदी तीच ठेवा, नाहीतर बकल त्याला नीट धरत नाही. उन्हात राहून रंग उडालेला, कडक झालेला किंवा कडेने लव निघालेला पट्टा किती धरेल याचा भरवसा नाही. तो सरळ टाकून द्यायचा. बकलच्या दातांत वाळू आणि वाळलेला चिखल साचला तरी पट्टा हळूहळू निसटतो. जुन्या टूथब्रशने घासून काढा. उरलेलं टोक लोंबतं ठेवू नका. वाऱ्यात फडफडून ते बकलला सतत हिसके देतं, आणि चाकात गेलं तर प्रसंग वेगळाच. बकलला लागून एक गाठ मारली तर पट्टा निसटलाच तरी गाठीपाशी अडतो.

एवढं सगळं करूनही रॅक उतरत असेल तर गाडीकडे बघा. खालच्या गाद्या कुठे टेकल्यात? प्लास्टिकच्या बंपरवर असतील तर तो प्रत्येक खड्ड्यात आत दबतो आणि पुन्हा वर येतो, आणि दर वेळी पट्ट्यांना थोडा ढिलेपणा मिळतो. वरचे हुक कुठे आहेत? ते पत्र्याच्या कडेत हवेत. काचेच्या कडेत, प्लास्टिकच्या स्पॉइलरवर किंवा नुसत्या रबरी पट्टीत अडकवलेला हुक टिकत नाही आणि जाताना काहीतरी फोडून जातो. काही गाड्यांची डिकीच पत्र्याची नसते, प्लास्टिकच्या मिश्रणाची असते. काहींची वरची कड पूर्ण काचेची असते. अशा गाडीला हा रॅक बांधायचाच नाही, भले दुकानदार म्हणो 'सगळ्या गाड्यांना बसतो'. रॅक बनवणारे कोणत्या मॉडेलला कोणता रॅक बसतो याच्या याद्या देतात. आपली गाडी, तिचं वर्षही जुळवून, त्या यादीत नसेल तर विषय तिथेच संपला.

विजेवर उघडणाऱ्या डिकीचं एक वेगळं दुखणं. रॅक बांधलेला असताना चुकून बटण दाबलं गेलं की मोटर पट्ट्यांविरुद्ध जोर लावते. तेवढ्याने पट्टे ताणले जातात किंवा हुक वाकतात, आणि आपल्याला वाटतं रॅक रस्त्यात सैल झाला. गाडीच्या सेटिंगमध्ये ही सोय बंद करता येत असेल तर रॅक बांधण्याआधी करा.

डिकीवर किंवा मागच्या दारावर स्टेपनी असलेल्या गाड्यांना स्टेपनीवर बसणारा रॅक मिळतो. तिथे प्ले पुष्कळदा रॅकमध्ये नसतोच, दाराच्या बिजागरीत आणि कुलपात असतो. रिकामं दार धरून हलवा. तेव्हाच खडखड वाजत असेल तर रॅकला दोष देऊ नका, आणि त्या दारावर वजनही वाढवू नका.

मागच्या हुकावर बसणारा रॅक

गाडीच्या खाली चेसीला जोडलेल्या टो हिचवर (ट्रेलर ओढायच्या हुकावर) बसणारे रॅक जास्त मजबूत, यात वाद नाही. पण डुलण्याची तक्रार त्यांचीही असते आणि तिथला प्रकार निराळा आहे.

चौकोनी नळीत रॅकचा दांडा सरकवून आडवी पिन घालायची पद्धत असेल, तर ती नळी साधारण १.२५ किंवा २ इंची असते. दांडा आत सरकायचा म्हणजे थोडी फट असणारच. दांडा नळीत पंधरा सेंटिमीटर शिरलेला आणि बाहेरची सायकल पाऊण मीटर लांब असेल, तर नळीतला एक मिलिमीटरचा प्ले सायकलपाशी पाच मिलिमीटरचा होतो. हँडल तर त्याहून मीटरभर उंच. तिथे सायकल झोपाळ्यासारखी हलताना दिसते. साधी गुळगुळीत पिन दांडा बाहेर येऊ देत नाही, एवढंच तिचं काम. ती आवळत नाही. उपाय सोपा आहे. आट्यांची पिन, जी दांड्याला नळीच्या एका भिंतीवर ओढून धरते, किंवा नळीच्या तोंडाशी बाहेरून आवळायची इंग्रजी यू आकाराची पट्टी. काही रॅकच्या दांड्यातच पाचर असते, मूठ फिरवली की ती आत फुगते. तसा रॅक असूनही तो डुलत असेल तर नळीच्या आत गंजाचे पापुद्रे आणि खडी आहे का ते पाहा. तारेच्या ब्रशने साफ केल्यावर फरक जाणवतो.

१.२५ इंची नळीत २ इंची रॅक बसवायला अडॅप्टर मिळतो. शक्यतो घेऊ नका. एकाऐवजी दोन सांधे होतात, दोन्हींत प्ले, वर रॅक आणखी मागे जातो. दांडा लांबवणाऱ्या तुकड्याचंही तेच; भार तेवढाच राहतो पण तरफ वाढते, म्हणून हिचची वजन पेलायची क्षमता बरीच कमी धरावी लागते.

गोळ्यावर पकड बसवायची पद्धत असेल, युरोपात सर्रास असते तो ५० मिलिमीटरचा टो बॉल, तर रॅक खालीवर न हलता एका बाजूला कलतो. कारण बहुधा ग्रीस. ट्रेलर ओढणारे गोळ्याला ग्रीस लावतात आणि ट्रेलरसाठी ते ठीकच आहे. रॅक मात्र त्या गोळ्याला केवळ घर्षणाने धरतो. ग्रीस, रंग, गंज, सगळं पुसून, घासून गोळा कोरडा करायचा. पकडीच्या आतल्या बाजूलाही ग्रीस लागलेलं असतं, तिकडे कुणाचं लक्ष जात नाही. पकडीचा लिव्हर किती जोराने बंद व्हायला हवा हे रॅकच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं आणि बहुतेक रॅकना तो जोर वाढवायचा स्क्रू असतो. लिव्हर एका बोटाने बंद होत असेल तर तो काही धरत नाहीये. गोळा ॲल्युमिनियमचा असेल तर असे बरेचसे रॅक चालत नाहीत, पोलादीच लागतो. हेही पुस्तिकेत असतं, आणि पुस्तिका कुणी वाचत नाही.

वजनाचा हिशेब, जो आधी करायला हवा

टो बॉलच्या पट्टीवर एस असं अक्षर आणि पुढे किलोचा आकडा असतो. तो गोळ्यावर उभा किती भार चालतो ते सांगतो. गाड्यांमध्ये हा साधारण ५० ते १०० किलो असतो. गाडीच्या पुस्तिकेतला आकडा वेगळा असेल तर दोन्हींतला लहान धरायचा. यात रॅकचं स्वतःचं वजनही आलं, आणि नेमकं तेच विसरलं जातं.

समजा मर्यादा ७५ किलो. रॅक १८ किलोचा. उरले ५७. साध्या सायकली प्रत्येकी १४ किलोच्या घेतल्या तर चार म्हणजे ५६, जेमतेम बसल्या. ई-बाइक मात्र २४-२५ किलोची सहज असते. दोन ठेवल्या की ५०, तिसरी बसत नाही, रॅकला चार खाचा असल्या तरी. खाचा किती आहेत यावरून सायकली मोजू नका. शिवाय रॅकवर प्रत्येक सायकलची मर्यादा वेगळी लिहिलेली असते आणि पट्ट्यांच्या साध्या रॅकवर ती पुष्कळदा १५ किलोच्या आसपास असते. तिथे ई-बाइक ठेवून रॅक सैल होतो अशी तक्रार करण्यात अर्थ नाही.

ई-बाइकची बॅटरी काढून गाडीत ठेवा. अडीच ते चार किलो तिथेच कमी होतात आणि पावसाचीही काळजी उरत नाही. बाटली, पंप, पिशव्या, कुलूप, सगळं उतरवा. मुलांची सीट तर आवर्जून. ती शिडासारखा वारा धरते आणि सायकलला पिळते. सायकलींवर ताडपत्रीसारखं कव्हर घालून वेगाने गाडी चालवण्याने हेच आणखी मोठ्या प्रमाणात होतं. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ६० वरून १२० वर गेलात की चौपट. फक्त हायवेवरच रॅक ढिला होत असेल तर आधी हे तपासा, मग बोल्ट.

आणि कच्च्या रस्त्यावरच होत असेल तर? मागचा रॅक मागच्या चाकांच्याही मागे असतो, म्हणून खड्ड्यात गाडीच्या कुठल्याही भागापेक्षा तो जास्त उसळतो. लिहिलेली मर्यादा चांगल्या रस्त्यासाठीची असते. वाट खराब असेल तर मर्यादेच्या काठावर भरू नका आणि सगळ्यात जड सायकल गाडीला लागून ठेवा.

रॅक घट्ट, सायकल सैल

हा प्रकार लोक सगळ्यात उशिरा ओळखतात.

चाकं पन्हाळीत ठेवून पुढच्या टायरवर वरून हुक दाबायचा रॅक घ्या. हुक टायरला दाबून धरतो, म्हणजे सगळी पकड टायरमधल्या हवेवर. टायरमध्ये हवा कमी असली, किंवा ट्यूबलेस टायरमधून ती हळूहळू जात असली, की हुक तिथेच आणि सायकल मात्र डुगडुगते. रॅक उलगडून, बोल्ट आवळून हाती काही लागत नाही, कारण सैल झालाय तो टायर. चढवण्याआधी हवा भरा. पुढे सस्पेन्शन असेल तर हुक दाबताना फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) आधीच थोडा खाली दाबून घ्या. नाहीतर रस्त्यात फोर्क दबला की हुक मोकळा पडतो. फोर्कला लॉकआउट (सस्पेन्शन दबू न देणारी कळ) असेल तर लावून टाका. टायरवर मडगार्ड असेल तर हुक मडगार्डवर दाब देतो, टायरवर नाही. तो वाकतो आणि पकड जाते. मडगार्डवाल्या सायकलला हुक चाकाच्या पुढच्या बाजूने बसेल असा रॅक शोधावा लागतो.

फ्रेमचा वरचा दांडा पकडीत धरायचा रॅक असेल तर दांड्याचा आकार बघा. पकडी गोल नळीसाठी बनवलेल्या असतात. चपटी, त्रिकोणी किंवा जाड नळी तिच्यात नीट बसत नाही, कितीही आवळा. आणि कार्बन फ्रेम असेल तर आवळूच नका. कार्बन नळी लांबीच्या दिशेने भरपूर ताकदीची असते, बाजूने चेपली की तडकते आणि तडा आतून असला तर दिसतही नाही. कार्बनसाठी फक्त चाकांना धरणारा रॅक. ज्यांना याचं कारण पटत नाही त्यांनी फ्रेमच्या वॉरंटीचा कागद वाचावा.

वरचा दांडा खाली झुकलेल्या किंवा नसलेल्याच सायकलींसाठी सीटपोस्टपासून हँडलच्या बुंध्यापर्यंत लावायचा खोटा दांडा मिळतो. हलक्या सायकलला चालतो. पण दोन नवे सांधे आले हे लक्षात ठेवा, आणि जड ई-बाइक त्यावर टांगायची नाही.

टांगायच्या रॅकवर सायकल लंबकासारखी झुलते ती खालून मोकळी असल्यामुळे. फ्रेमचा खालचा भाग सीटच्या नळीपाशी एका छोट्या पट्ट्याने रॅकच्या उभ्या दांड्याला बांधला की झुलणं जवळजवळ थांबतं. एक सायकल डावीकडे तोंड करून, दुसरी उजवीकडे. हँडल आणि पेडल एकमेकांच्या वाटेतून बाजूला होतात. हँडल शेजारच्या सायकलच्या सीटला भिडत असेल तर ती सीट थोडी खाली-वर करा. पुढचं चाक मोकळं फिरत राहतं, ते खालच्या नळीला पट्ट्याने बांधा. जिथे दोन सायकली एकमेकींना लागतात तिथे पाइपवर गुंडाळायचं फोमचं आवरण कापून घाला. पेडल काढणं सगळ्यात उत्तम, पण प्रत्येक वेळी ते कोण करतंय. क्रँक फिरवून पेडल स्पोकांपासून दूर ठेवलं आणि पट्ट्याने बांधलं तरी चालतं.

छतावरचे रॅक

छतावर सैल होण्याची ठिकाणं कमी, पण चुकीची किंमत मोठी. आधी आडव्या दांड्या तपासा: त्यांचे पाय छताच्या पट्टीवर पुढे-मागे सरकलेत का. पहिल्यांदा बसवल्यावर पुढच्या काचेच्या कडेपासून अंतर मोजून लिहून ठेवलं तर हे मोजपट्टी लावून एका मिनिटात कळतं. बोल्ट टॉर्क पान्याने, पुस्तिकेतल्या आकड्याएवढेच आवळा. 'अजून थोडं' म्हणून पिळलं की आटे जातात आणि मग तो बोल्ट कायमचा ढिला.

फोर्कला धरणाऱ्या रॅकमध्ये ॲक्सलचं, म्हणजे चाकाच्या आसाचं, माप जुळायला हवं. जुन्या क्विक रिलीजला (लिव्हरने सुटणारा आस) ९ मिलिमीटर जाडी आणि १०० रुंदी. थ्रू ॲक्सलला (फोर्कच्या भोकांतून आरपार जाणारा आस) १२, १५ किंवा २० मिलिमीटर जाडी. १५ च्या ॲक्सलची रुंदी १०० किंवा ११०. 'जवळपास बसतंय' असं इथे काही नसतं. एक मिलिमीटर कमी असलेला अडॅप्टर वापरला तर फोर्क रोज थोडा थोडा झिजतो. डिस्क ब्रेकची सायकल असेल तर चाक काढल्यावर पॅडमध्ये प्लास्टिकचा तुकडा घाला. कुणी ब्रेक दाबला की पॅड चिकटून बसतात आणि चाक परत जात नाही.

गाडी बनवणाऱ्यांनी छताला दिलेली मर्यादा बऱ्याच गाड्यांत ५० ते १०० किलोच्या दरम्यान असते आणि त्यात दांड्या, रॅक, सायकली सगळं मोजायचं. तीन सायकली ४५ किलो, तीन रॅक बारा, दांड्या सहा, झाले ६३. त्यात २५ किलोची ई-बाइक खांद्याच्या वर उचलून चढवणं हे वजनापेक्षाही पाठीचं काम आहे. मी तरी कुणाला सांगणार नाही. कमी उंचीच्या गॅरेजसाठी स्टिअरिंगवर एक कागद चिकटवा, 'वर सायकल आहे'. हसू येईल, पण कागद लावणाऱ्याची सायकल शाबूत राहते.

रॅकच्या स्वतःच्या सांध्यांत प्ले

दुमडणाऱ्या रॅकचे बोल्ट आणि बुश (सांध्याच्या भोकात बसणारी कडी) झिजतात. आतून नायलॉनचं कडं असलेले नट दोन-चार वेळा काढले-लावले की त्यांची पकड जाते. ते स्वस्त असतात, नवे घाला. एकदा बसवल्यावर कधीच उघडायचे नसलेल्या बोल्टला मध्यम ताकदीचं थ्रेडलॉकर (आटे धरून ठेवणारा चिकट द्रव) लावा. रोज उघडायच्या बोल्टला लावू नका. प्लास्टिकचे बुश झिजलेले असतील तर बोल्ट आवळून प्ले जात नाही, उलट नळी चेपते. बुश बदलायचे.

वेल्डपाशी केसासारखी रेघ, वाकलेला हात, तोंड उघडलेला हुक: यांतलं काही दिसलं की तो रॅक उतरवायचा. जवळच्या वर्कशॉपमध्ये वेल्ड मारून घेऊन पुन्हा वापरायचा नाही. उष्णतेने आजूबाजूचा धातू मऊ पडतो आणि पुढच्या वेळी तुटतो तो तिथेच.

आता निवड

एवढ्यानेही नाही भागलं, तर रॅक चुकीच्या प्रकारचा आहे. आधी गाडी बघा, मग सायकल, रॅक सगळ्यात शेवटी. बहुतेक जण उलट्या क्रमाने जातात. डिकीला पत्र्याची कड नाही, स्पॉइलर आहे, बंपर मऊ आहे: पट्ट्यांचा रॅक बाद. हिच नाही आणि बसवायची तयारीही नाही: ई-बाइक बहुधा बाद. छतावर काचेचं सनरूफ असेल तर दांड्या कुठे टेकवायच्या हे गाडीच्या पुस्तिकेत बघितल्याशिवाय छतही बाद. मग जे उरतं त्यात सायकल बसवून बघा. कार्बन फ्रेम, ई-बाइक, मडगार्ड, जाड टायर, मुलांची २० इंची सायकल, यांपैकी एकही असेल तर चाकांना धरणारा पन्हाळीचा रॅकच पाहा. जाड टायरसाठी पन्हाळ रुंद आहे का, पट्टा रिमवरून पोचतो का, लहान सायकलच्या चाकांचं अंतर पन्हाळीत बसतं का, हे सायकल नेऊन बघावं. कागदावरची मापं इथे पुरत नाहीत.

वर्षातून दोनदाच नेत असाल आणि गाडी जुळत असेल तर पट्ट्यांचा चांगला रॅक पुरतो, महागड्या हिचची गरज नाही. दर आठवड्याला नेत असाल तर पट्ट्यांचा रॅक घेऊ नका, तो दर आठवड्याला बांधावा लागेल आणि एखाद्या आठवड्यात घाईत बांधला जाईल.

घेण्याआधी अजून काही गोष्टी नजरेखालून घाला. सायलेन्सरच्या तोंडासमोर टायर किंवा रिम येत नाही ना. गरम धुराने टायर वितळतो आणि कार्बन रिम खराब होतो. मागचे दिवे आणि नंबरप्लेट झाकली जात असेल तर दिव्यांची वेगळी पट्टी आणि प्लेट लावावी लागते, तिचे नियम तुमच्या देशात काय आहेत ते पाहा. दिव्यांच्या पट्टीसाठी प्लगच्या पिना मोजा: युरोपीय पद्धतीच्या जुन्या ७ पिनांच्या प्लगवर रिव्हर्सचा दिवा लागत नाही, १३ पिनांच्यावर लागतो. मागचे पार्किंग सेन्सर सायकलींना भिंत समजून सतत ओरडतील, ते बंद कसे करायचे ते आधी शोधून ठेवा. डिकी उघडायला रॅक खाली झुकवता येतो का, तेही सायकली चढवून तपासा; रिकामा रॅक सगळ्यांचाच झुकतो.

नवा रॅक बसवल्यावर पहिल्या ५० किलोमीटरनंतर प्रत्येक बोल्ट एकदा पान्याने तपासा. नवे सांधे बसताना थोडे ढिले होतातच. दुसऱ्या तपासणीतही तोच बोल्ट फिरला, तर मास्किंग टेप पुन्हा बाहेर काढा.